मान्सून केरळात आला, आपल्या रानात नाही



मे महिना संपत आला की दरवर्षी गावोगाव एकच प्रश्न सुरू होतो. मान्सून कुठपर्यंत आला? टीव्हीवर नकाशा, व्हॉट्सॲपवर तोच नकाशा, पारावर त्याचीच चर्चा. नकाशावरची रेषा आपल्या जिल्ह्यावर सरकली की दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रासमोर रांग आणि तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला पेरणी यंत्र जोडलेलं.

माझं म्हणणं सरळ आहे. ती रेषा बघून पेरायचं आपण बंद केलं पाहिजे. ती रेषा वाऱ्याची आहे, आपली पेरणी ओलीवर असते. सह्याद्रीच्या पूर्वेला, म्हणजे माण-खटावपासून जत-आटपाडी, सोलापूर, बीड, लातूर, धाराशिवपर्यंत, वारा येणं आणि ओल होणं यात कधी कधी दोन-तीन आठवडे जातात. ते दोन-तीन आठवडे ज्यानं ओळखले नाहीत त्याला दुबार पेरणी करावी लागते. एकरी ३० किलो सोयाबीनचं बियाणं, खताची पोती, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं दुसऱ्यांदा. उधारी पण दुसऱ्यांदा.

म्हणून आज जरा वाऱ्याबद्दल लिहितो. लांबड वाटली तरी वाचा, शेवटी कामाचंच आहे.

हा वारा येतो कुठून?

एप्रिल-मे मध्ये राजस्थान, सिंध, पंजाबचा पट्टा तव्यासारखा तापतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिथं हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळी विषुववृत्ताच्या खाली, मादागास्करच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, हिंदी महासागरावर थंडीचे दिवस सुरू झालेले असतात. तिथं दाब जास्त. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडं निघते. विषुववृत्ताच्या खाली ती आग्नेयेकडून येते. विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळं उजवीकडं वळते आणि नैऋत्येकडून आपल्याकडं यायला लागते. म्हणून नैऋत्य मोसमी वारे.

वाटेत आफ्रिकेचा पूर्व किनारा लागतो. केनिया, इथिओपियाचे उंच डोंगर या वाऱ्याला भिंतीसारखे अडवतात, त्यामुळं तो सोमालियाच्या किनाऱ्याजवळून एका पट्ट्यात दाटून जोरानं वाहतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर हा झोत असतो. १९६९ मध्ये फिंडलेटर नावाच्या शास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास मांडला, म्हणून त्याला फिंडलेटर झोत किंवा सोमाली झोत म्हणतात. आपल्या पावसाची पाइपलाइन म्हणा हवं तर. अरबी समुद्रावरून येताना हाच वारा बाष्प भरून घेतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जमीन तापली की वारा येतो आणि पाऊस पडतो, एवढंच शाळेत शिकवतात. एडमंड हॅले यानं १६८६ मध्ये जमीन आणि समुद्राच्या तापण्यातल्या फरकाचं हे कारण मांडलं होतं, आणि ते पूर्ण चूक नाही. पण नुसत्या तापण्यानं पाऊस येत असता तर तो मे मध्येच यायला हवा होता, कारण आपली जमीन सगळ्यात जास्त तापते ती मे मध्ये. शिवाय दुष्काळी वर्षात जमीन चांगल्या पावसाच्या वर्षापेक्षा जास्त तापलेली असते. मग त्या वर्षी वारा जास्त का येत नाही?

आज शास्त्रज्ञ जे सांगतात ते असं. विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती ढगांचा आणि पावसाचा एक पट्टा असतो. सूर्य उत्तरेला सरकला की तो पट्टा उत्तरेला सरकतो आणि आपल्याकडं तो समुद्र सोडून थेट जमिनीवर चढतो. एकदा ढग तयार झाले की बाष्पाचं पाणी होताना उष्णता सुटते, त्या उष्णतेनं हवा आणखी वर जाते, आणि खालून समुद्रावरचा नवा वारा ओढला जातो. म्हणजे पाऊसच पुढच्या पावसाचा वारा ओढतो. चूल एकदा पेटली की जाळ धरते तसं. पण चूल विझली तर? मग समुद्र भरलेला असूनही आपल्याकडं वारा कोरडा. हे पुढं कामाला येणार आहे.

हवामान खातं मान्सून आला असं कधी म्हणतं?

बऱ्याच जणांना वाटतं की केरळात जोराचा पाऊस झाला की मान्सून आला. तसं नाही. भारतीय हवामान विभागाचे तीन निकष आहेत. पहिला पावसाचा: १० मे नंतर, ठरवलेल्या १४ केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. दुसरा वाऱ्याचा: पश्चिमेकडचा वारा जमिनीपासून साधारण चार किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला हवा, आणि खालच्या थरात त्याचा वेग १५ ते २० नॉट, म्हणजे ताशी अंदाजे २८ ते ३७ किलोमीटर हवा. तिसरा ढगांचा: उपग्रहावरून समुद्रावर ढगांची दाटी दिसायला हवी.

बघा, खुद्द खातं नुसत्या पावसावर मान्सून जाहीर करत नाही. वाऱ्याची खोली मोजतं, वेग मोजतं. आणि पावसाची अट काय? अडीच मिलिमीटर. अडीच मिलिमीटरवर आपल्या रानात काय उगवणार? ढेकूळ पण भिजत नाही. तो निकष वारा ओळखण्यासाठी आहे, पेरणीसाठी कधीच नव्हता. चूक खात्याची नाही. हवामानाच्या भाषेतली बातमी आपण शेतीच्या भाषेत वाचतो, ही अडचण आहे.

दोन वर्षांचा हिशोब

२०२५ घ्या. मान्सून केरळात २४ मे रोजी आला. नेहमीची तारीख १ जून. २६ मे रोजी मुंबईत पोचला, तिथली नेहमीची तारीख ११ जून. सगळीकडं आनंदीआनंद. मे मध्येच पाऊस, रानात पाणी साचलेलं, कुळवणी पण राहिलेली. मग काय झालं? मुंबई-अहिल्यानगर-आदिलाबाद या रेषेवर मान्सून जवळजवळ अडीच आठवडे थांबला. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत रेषा पुढं हललीच नाही. वारा मंदावला, ऊन पडलं. नंतर जोर आला आणि २९ जूनला सगळा देश व्यापला, नेहमीच्या ८ जुलैच्या आधी. नकाशावर बघाल तर मान्सून सुरुवातीला लवकर आणि शेवटीही लवकर. मधल्या थांब्याची गोष्ट मात्र फक्त आपल्या मातीला कळली.

आता २०२३. मान्सून केरळात ८ जूनला आला, उशिरा. त्याच वेळी अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ. वादळानं वारा आणि बाष्प आपल्याकडं ओढून घेतलं. १५ जूनला ते कच्छच्या किनाऱ्यावर धडकलं. इकडं मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत येऊन तिथंच अडकून बसला. शेवटी २५ जूनला मुंबई आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी पोचला. असं याआधी १९६१ साली झालं होतं. जुलै बरा गेला, आणि ऑगस्ट? १९०१ पासूनच्या नोंदीतला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन फुलात आणि शेंगा धरायच्या अवस्थेत असताना.

एक वर्ष लवकर आलेलं, एक उशिरा आलेलं. दोन्ही वर्षी आगमनाच्या तारखेनं आपल्याला पुढचं काही सांगितलं नाही. तारीख म्हणजे पाहुणा वेशीवर आल्याचा निरोप. तो जेवायला थांबणार का, किती दिवस राहणार, हे निरोपात नसतं.

सह्याद्रीच्या अलीकडं आणि पलीकडं

आता सगळ्यात मोठी गोष्ट. अरबी समुद्रावरून भरून आलेला वारा सह्याद्रीला आडवा येतो. डोंगर चढताना हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि कोकणात, घाटमाथ्यावर धो धो पडतं. डोंगर उतरताना तीच हवा गरम आणि कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून घाट उतरून तासाभरात वाईला या, हजाराच्या आत. आणखी पूर्वेला माणमध्ये जा, पाचशेच्या आसपास. तोच जिल्हा, तोच वारा, तोच महिना.

म्हणून कोकणात रेड अलर्ट लागला म्हणजे आपल्याकडं पण येणार, हा हिशोब कच्चा आहे. उलट अनुभव असा की पश्चिमेचा वारा फार जोरात सुटला, ढग खालून पळायला लागले, की आपल्याकडं नुसती भुरभुर. धरणं भरतात, रानं तशीच. म्हातारी माणसं म्हणायची, वारं पडल्याशिवाय पाऊस पडत नाही. त्यात तथ्य आहे. जोरदार पश्चिम वाऱ्यात डोंगराच्या पूर्वेला हवा खाली उतरत असते, ढगाला वर वाढायला जागा मिळत नाही.

२०१६ ची गोष्ट आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. तीनशेहून जास्त किलोमीटर. मिरजेला ते पाणी कुठलं? कृष्णेचं. कृष्णेला कुठलं? सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं. म्हणजे जे पाणी वाऱ्यानं डोंगरावर उतरवून ठेवलं, ते आपण रेल्वेनं डोंगराच्या पूर्वेला आणलं. पर्जन्यछाया म्हणजे काय, हे याहून वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

मग आपला पाऊस येतो कुठून?

मराठवाड्याचा आणि विदर्भाचा बराचसा मोठा पाऊस बंगालच्या उपसागराच्या बाजूनं येतो. तिथं कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते ओडिशा, छत्तीसगड करत पश्चिमेला सरकतं, आणि त्याच्या दक्षिण बाजूला जो वारा एकत्र होतो त्यात आपल्याला दोन-तीन दिवस चांगला पाऊस मिळतो. याशिवाय गंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो. तो जागेवर किंवा दक्षिणेला असला की मध्य भारतात पाऊस. तो हिमालयाच्या पायथ्याला जाऊन टेकला की तिकडं पूर आणि आपल्याकडं उघडीप. चूल विझली म्हणालो ना, ती हीच वेळ.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला, मांजरेला, गोदावरीला पूर आले, उभी पिकं पाण्यात गेली, जमिनी खरवडून गेल्या. तो पाऊसही पूर्वेकडून सरकत आलेल्या कमी दाबांचाच. ज्या बाजूनं आपल्याला जीवदान मिळतं त्याच बाजूनं संकट पण येतं. म्हणून नजर फक्त कोकणाकडं ठेवून चालणार नाही. आपल्या भागातल्या माणसानं पूर्वेकडं जास्त बघितलं पाहिजे.

मग नक्षत्रं खोटी का?

खोटी नाहीत. नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला. आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षांची सरासरी नक्षत्रांना बांधून ठेवली, आणि ती सरासरी म्हणून चांगली आहे. हस्ताच्या पावसावर रब्बीची ज्वारी येते, हे सोलापूर-मंगळवेढ्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. मालदांडी त्याच ओलीवर उभी राहते. पण सरासरी वेगळी आणि यंदाचं वर्ष वेगळं. मृग तारखेला लागतो, वारा तारखेला बांधलेला नाही. जुने लोक सुद्धा मृग लागला म्हणून पेरत नव्हते. मृग बरसला, भुई भिजली, वाफसा आला, मग पेरत होते. आपण त्यातलं फक्त पहिलं ठेवलं आणि बाकीचं विसरलो.

थांबण्याची पण किंमत असते

आता कोणी म्हणेल, थांबा म्हणणं सोपं आहे. बरोबर आहे. मूग-उडीद जून संपेपर्यंत पडले नाहीत तर पुढं हाती लागत नाहीत. सोयाबीन उशिरा पडलं की शेवटच्या पाण्याला मुकतं. गावात ट्रॅक्टर मोजके, वाफसा आला की सगळ्यांना एकाच दिवशी हवे. ज्याचा नंबर आठव्या दिवशी लागतो त्याची ओल तोवर उडालेली असते. शेजाऱ्याचं रान हिरवं दिसायला लागलं की घरातले पण विचारतात, आपलं कधी? आणि एखाद्या वर्षी लवकर पेरणाऱ्याला साधतं सुद्धा. त्याचीच गोष्ट गावभर होते. ज्याचं मोडलं तो गप्प बसतो.

हे सगळं मान्य करून सुद्धा मी म्हणतो, थांबणं आणि बघत बसणं यात फरक आहे. थांबायचं ते मोजत थांबायचं. परभणीचं कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतंय की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा आकडा हवेतून आलेला नाही. एवढा पाऊस झाला की भारी जमिनीत ओल खोलवर जाते आणि मध्ये दहा-बारा दिवस वारा कोरडा राहिला तरी रोप तग धरतं. म्हणजे हा आकडा म्हणजे वाऱ्याच्या लहरीविरुद्धचा आपला विमाच आहे, आणि त्याला हप्ता नाही.

मी काय करतो ते सांगतो

१. घरी पर्जन्यमापक ठेवलाय. साधा प्लास्टिकचा आहे. रोज सकाळी साडेआठला बघून वहीत लिहितो. तालुक्याच्या आकड्यावर जात नाही, कारण ओढ्याच्या अलीकडं पडतो आणि पलीकडं नाही, हे रोजचं आहे. महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा बघतो, पण शेवटचा शब्द वहीचा.

२. एक वीत खोल खणून माती मुठीत दाबतो. गोळा झाला आणि बोटानं दाबल्यावर फुटला तर वाफसा. गोळा होतच नसेल तर थांब. चिखल होऊन हाताला चिकटला तरी थांब.

३. मोबाइलवर विंडीसारख्या ॲपमध्ये जमिनीवरचा वारा न बघता ८५० चा थर बघतो, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीचा. सोमालियापासून किनाऱ्यापर्यंत झोत सलग आणि जोरात दिसतोय का? का अरबी समुद्रात तुटलाय? आणि बंगालच्या उपसागरात कुठं वारा गोल फिरायला लागलाय का? ही दोन उत्तरं मिळाली की पुढच्या चार-पाच दिवसांचा अंदाज येतो. त्याहून लांबचं कुणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

४. सगळं रान एका दिवशी पेरत नाही. ओल बघून दोन टप्पे करतो. सोयाबीनमध्ये तूर असतेच. एक वाऱ्यानं मारलं तर दुसरं उभं राहतं.

५. जमेल तिथं रुंद वरंबा सरी. उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते, ढगफुटीसारखा पडला तर सरीतून पाणी निघून जातं. आता एकाच हंगामात दोन्ही बघायला लागतंय, म्हणून दोन्हीची तयारी एकाच वेळी.

६. बियाण्याची उगवणक्षमता घरीच तपासतो. १०० दाणे ओल्या गोणपाटात. ७० च्या खाली उगवले तर बियाणं बदलायचं किंवा वाढवायचं. कमी उगवलेल्या रानाचं खापर उगाच पावसावर नको.

शेवटचं, आणि हे जरा स्पष्टच

आपली पेज वाचणारे कृषी सहायक, अधिकारी, विद्यापीठातले लोक आहेत. त्यांना एक विनंती. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून पेरणीची टक्केवारी जाहीर होते. अमुक तालुका ४० टक्के, तमुक तालुका मागे. मागे म्हणजे काय? जो ओल नाही म्हणून थांबलाय तो मागे कसा? टक्केवारीच्या शेजारी मंडळाचा पाऊस आणि मातीतली ओल छापा. मग दिसेल की कुठला तालुका शहाणा आणि कुठला घाईत. सल्ला पण जिल्ह्याला एकच नको. एकाच जिल्ह्यात डोंगराचा पायथा आणि माळरान दोन्ही असतात, वारा दोघांना वेगळं वागवतो.

बातमी देणाऱ्यांनाही तेच. मान्सून महाराष्ट्रात दाखल असा मथळा द्या, जरूर द्या. खाली एक ओळ अजून टाका: सह्याद्रीच्या पूर्वेला ७५ मिलिमीटर होईपर्यंत पेरू नका. एका ओळीनं किती जणांचं बियाणं वाचेल, विचार करा.

आणि आपण शेतकऱ्यांनी? या देशाचं हवामान समुद्र, डोंगर आणि वारा मिळून ठरवतात. त्यात आपल्याला बदल करता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, तिफण कधी घालायची. ती एक गोष्ट तरी केरळातल्या बातमीवर सोडू नका.

तुमच्या गावात आजपर्यंत किती मिलिमीटर झाला आणि वारा कुठल्या बाजूचा आहे, तेवढं लिहा. गाव, मंडळ आणि आकडा. सगळ्यांचे आकडे एकत्र करून रविवारी टाकतो. दहा गावांचे आकडे शेजारी ठेवले की नकाशापेक्षा जास्त कळतं.